चांगल्या गाडीला शिव्या

माझ्या साडूला सगळे डॉक्टर म्हणतात. आहे तो मेकॅनिक. पण इंजिनाला कान लावून असा गंभीर चेहरा करतो, की मालकाला वाटावं, आता नातेवाइकांना कळवावं लागणार. जुनी गाडी बघायला जाताना मी त्याला बरोबर नेतो आणि आमचं आधीच ठरलेलं असतं. गाडी भंगार असेल तर त्यानं तिचं तोंडभरून कौतुक करायचं, म्हणजे मी 'विचार करून सांगतो' म्हणून काढता पाय घेतो. गाडी चांगली असेल तर तिला शिव्या घालायच्या. जितकी चांगली तितक्या जास्त. मालकाचा चेहरा पडला की भावही पडतो. ही युक्ती माझी, आणि मला तिचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझा धंदा काँक्रीटचा मिक्सर भाड्यानं देण्याचा. चाकांवरचं ते धूड आज या बांधकामावर, तर उद्या त्या. दर वेळी ते ओढून न्यायला दुसऱ्याची गाडी मागायची, त्याच्या नाकदुऱ्या काढायच्या, याचा मला वीट आला होता. स्वतःची पिकअप हवी होती. जुनी चालेल, पण मागे वजन लावल्यावर चढाला माघार घेणारी नको. ओळखीच्या टायरवाल्यानं एक पत्ता दिला.

लहानसं घर, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये अठरा वर्षांची निळी पिकअप. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. मी त्यांना काकू म्हणायला लागलो. भाव करताना नातं जोडलेलं बरं असतं. त्यांचा नवरा याच गाडीतून दुकानांना माल पोचवायचा. त्याला जाऊन सात महिने झाले होते.

"गाडी मात्र जपली हो त्यांनी," काकू म्हणाल्या. "दर रविवारी खाली शिरायचे. पाहुणे आले तरी यांचे नुसते पाय दिसायचे. मी किती भांडायची! म्हणायची, लग्न हिच्याशीच लावायचं होतं." असं म्हणून त्या हसल्या, आणि त्या हसण्यात नवऱ्याचं कौतुक होतं. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

डॉक्टर गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो हात पुसत आणि सुरूच झाला. चासी गंजलीय. मागचे पाटे बसलेत. गिअरबॉक्सचा आवाज बरा नाही. ब्रेकला तर कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला दिसत नाही. एवढ्या शिव्या मी त्याच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मी चेहरा पाडून उभा होतो आणि मनातून आनंदानं नाचत होतो, कारण याचा अर्थ सोनं होतं, सोनं!

"पण मग," काकूंनी विचारलं, "ते रविवारी खाली करत काय होते?"

त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं, डॉक्टरकडे बघून. डॉक्टर गडबडला. आमच्या नाटकात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण माझी जीभ टाळूला लागेल तर ना!

"झोप काढत असतील, काकू," मी म्हणालो. "गाडीखाली सावली काय झकास असते."

त्या हसल्या नाहीत. शेडकडे बघत राहिल्या. मग मी मागायच्या आधीच त्यांनी भाव उतरवला, मी मागितला असता त्याहूनही खाली. वर जॅक आणि जादाचा टायर देऊ केला. "माफ करा हं," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही. मी आपली सगळ्यांना सांगत होते, जपलेली गाडी आहे म्हणून."

परत येताना गाडी लोण्यासारखी चालत होती. मी डॉक्टरच्या पाठीत थाप मारली. "आज जरा जास्तच झालं," तो म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं.

पुढच्या आठवड्यात त्याच्या गॅरेजात काम काढलं. मिक्सर ओढायचा म्हणजे पाटे जाड हवेत, ब्रेक मोठे हवेत आणि मागे हुक लावायला चासीला आधार हवा. डॉक्टरनं हुकासाठी चासी घासायला घेतली आणि थांबला. आधार आधीच दिलेला होता. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी, वेल्डिंग इतकं सफाईदार की तो त्यावर बोट फिरवत बसला. गंजाचा ठिपका नव्हता. मग चाकं उघडली. ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं बारीक अक्षरात तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक. लायनर कधी बदललं, कधी साफ केलं, कधी नुसतं बघितलं. चारही चाकांना तसंच. मी मोबाइलवर कॅलेंडर काढून पाहिलं. सगळे रविवार.

"झोप काढत होता म्हणे," डॉक्टर म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, "अरे, धंद्यात नावं ठेवावीच लागतात. त्याशिवाय कुणी भाव सोडतं का?" पण कान तापले होते. ते पत्रे मला डोळ्यांसमोर नको झाले. नाहीतरी नवे मोठे ब्रेक बसवायचेच होते. जुने काढल्याबरोबर मी ते स्वतः उचलून भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. डॉक्टर म्हणाला, "राहू दे की एखादा." मी म्हणालो, "काय पूजा करायचीय?"

गाडीनं नाव काढलं. भरल्या रस्त्यावर, चढावर, कुठंही मिक्सर घेऊन निमूट चालायची. लोक विचारायचे, कुणाकडून घेतली? मी विषय बदलायचो.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. गाडीची दुसरी चावी कपाटात सापडली होती, पण फोन त्यासाठी नव्हता. "भाऊ, ब्रेक नीट करून घेतलेत ना?" त्यांनी विचारलं. "मला मेलीला झोप लागत नाही. यांनी काय काय तसंच सोडलं असेल, देव जाणे. तुम्हाला काही झालं, कुणाला ठोकर बसली, तर पाप कुणाला? इतकी वर्षं हा माणूस तसल्या गाडीनं रस्त्यावर फिरत होता आणि मी त्याला शहाणा समजत होते."

"येतो, काकू," एवढंच म्हणालो.

रविवारी डॉक्टरला घेऊन गेलो. शेड रिकामी होती. दाराशी एक पोतं होतं आणि त्यातून पाने, स्क्रू-ड्रायव्हर डोकावत होते. "द्यायचेत कुणाला तरी," काकू म्हणाल्या. "उगाच जागा अडवतात."

मी बसलोसुद्धा नाही. सगळं सांगून टाकलं. आमची युक्ती, शिव्या कशासाठी, चासीची पट्टी, तारखा, रविवार. म्हणालो, "काकू, इतकी जपलेली गाडी आम्ही आजवर बघितली नाही. तुमच्याकडून स्वस्तात काढायला खोटं बोललो. झोपेचं तर मी नुसतं तोंडाला येईल ते बोललो. चूक माझी आहे." डॉक्टरनंही मान खाली घालून सांगितलं, "सगळं खोटं होतं, काकू. माझ्याहून चांगला हात होता त्यांचा."

काकू ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तारखा लिहिल्यात म्हणता, त्या दाखवाल मला? त्यांचं अक्षर मी ओळखीन."

मी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर पोत्याकडे बघत होता.

"ते पत्रे... भंगारात दिले, काकू. मीच दिले."

"बरं," त्या म्हणाल्या. मग हसल्या. अगदी मायेनं, लहान मुलाची थाप पकडल्यावर आई हसते तसं. "मी फोनवर रडगाणं गायले, म्हणून आलात ना दोघं?"

"नाही हो काकू, खरंच..."

"त्या दिवशी डॉक्टरांनी खाली जाऊन स्वतः बघितलं होतं. जाणता माणूस उगाच कशाला असं बोलेल?"

मी शपथ घेतली. डॉक्टरनं घेतली. जितकं बोललो तितकं ते आणखी खोटं वाटत गेलं. एकदा तर माझा मलाच संशय आला. शेवटी काकूंनी हातानं थांबवलं आणि दुसरी चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"गाडी आता ओढते ना नीट?"

"ओढते, काकू. पण ते त्यांनी..."

"तुमच्या हातात गेली म्हणून," त्या म्हणाल्या. "एका विधवेला बरं वाटावं म्हणून सुट्टीच्या दिवशी एवढं लांब कोण येतं? मनानं मोठे आहात हो तुम्ही दोघं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या, आणि गाडी वळेपर्यंत हात जोडून उभ्या होत्या.