शिंजिराची पिल्ले

सुदर्शनरावांच्या पुस्तकात त्यांच्या पत्नीचे, सुलेखाबाईंचे, नाव एकदाच येणार होते. तेही ऋणनिर्देशात, टंकलेखन करून देणाऱ्याच्या किंचित वर. सिडकोतल्या त्यांच्या बंगल्याच्या बागेत येणारे पक्षी आणि फुलपाखरे हा पुस्तकाचा विषय. प्राणिशास्त्राचे हे निवृत्त विभागप्रमुख खुब्याचे हाड मोडल्यापासून व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून असत. ते बोट दाखवत, बाई कॅमेरा उचलत. फोटो बाईंचे, मजकूर रावांचा. विद्वानांच्या जगात याला सहकार्य म्हणतात.

सुलेखाबाई स्वतः इतिहासाच्या प्राध्यापिका होत्या. निजामकाळातली फारसी कागदपत्रे वाचू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यांतले एक बोट रोज सकाळी शटरवर असे. हैदराबादच्या एका दफ्तरखान्याने त्यांना वर्षभरासाठी संपादक म्हणून बोलावले होते. दोनदा त्यांनी मुदत मागून घेतली. आता मात्र सोमवारी दुपारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर दुसऱ्याला नेमावे लागेल, असे तिथून अदबीने कळवण्यात आले होते.

रावांची देखभाल ही अडचण नव्हती. त्यासाठी आशाबाई घरातच राहत. अडचण पुस्तकाची होती. "तेवढा एक फोटो होऊ दे, मग खुशाल जा," राव म्हणत. आधी तो एक फोटो कोशातून बाहेर पडणाऱ्या लिंबू-फुलपाखराचा होता. मग पाने शिवणाऱ्या शिंपी पक्ष्याचा झाला. आता तो शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याच्या पिल्लांचा होता. जास्वंदीच्या फांदीला लोंबणारे ते इवलेसे घरटे मादीने कोळ्याच्या जाळ्यांनी एकटीने बांधले. नर उन्हात जांभळा झळाळत तारेवर गात राहिला. रावांनी यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला होता. त्यातला विनोद त्यांना जाणवला नव्हता.

संध्याकाळी राव कॅमेरा मांडीवर घेऊन दिवसाचे फोटो तपासत. "डोळ्यावर फोकस नाही." "चोच कापली गेली." बाईंना वाटे, आपले वय झाले, हात थरथरत असेल.

शुक्रवारी पिल्लांना भरवणाऱ्या मादीचा एक फोटो बाईंनी पडद्यावर मोठा करून पाहिला होता. चोचीतल्या कोळ्याचे पायसुद्धा स्पष्ट दिसत होते. रावांकडून परत आलेल्या कॅमेऱ्यात तो फोटो नव्हता. कॅमेरा प्रत्येक फोटोला क्रमांक देतो, आणि फोटो पुसला तरी क्रमांकांच्या ओळीत त्याची जागा रिकामीच राहते, ही साधी गोष्ट विभागप्रमुखांना ठाऊक नव्हती. दप्तरातल्या गहाळ पानांवरून पान फाडणाऱ्याचा हेतू शोधण्यात जिने हयात घालवली, तिच्यासमोर त्यांनी पाने फाडली होती! बाई मागे मागे जात राहिल्या. फुलपाखराच्या ओळीत खिंडार, शिंप्याच्या ओळीत खिंडार. जिथे फोटो उत्तम आल्याचे त्यांना आठवत होते, नेमके तिथेच.

"अहो, फोटो तुम्ही पुसलेत?"

"खराब होते."

"कोळ्याचे पाय मोजता येत होते त्यात."

रावांनी चष्मा काढून पुसला. "अगं, पुस्तक झालं की तू जाणार. मग मी काय आशाबाईंना लॅटिन नावं सांगत बसू इथं?"

"मला नका सांगू बरं," आशाबाई आतून म्हणाल्या. "तुमच्या गोळ्यांची नावं ध्यानात राहतात, तेच लई झालं."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा संताप इतका थंड होता की त्यात साड्यांच्या घड्या नीट घालता आल्या. रविवारी निघणारी रेल्वे होती. त्यांनी सोमवारी सकाळच्या विमानाचे तिकीट काढले. त्यामुळे घरट्याची आणखी एक सकाळ पाहायला मिळत होती, हे त्यांनी स्वतःलाही सांगितले नाही.

सोमवारी फाटकात मुबारकभाईंची रिक्षा येऊन थांबली. बाईंना वर्षानुवर्षे विद्यापीठात त्यांनीच पोचवले होते. "चलो मॅडम. जालना रोडपे ट्राफिक लगा तो चिकलठाणा एअरपोर्ट दिल्लीसे दूर हो जाता. बादमें मेरेकू नक्को बोलना."

बॅग रिक्षात गेली. "जावा बिनघोर," आशाबाई म्हणाल्या. "साहेबांना मी बघते."

बाईंनी फाटकाच्या कडीला हात घातला तेव्हा राव हलकेच म्हणाले, "सुलेखा, एक बाहेर निघालंय."

थांब, असे ते म्हणाले नव्हते. म्हणाले असते तर बाई थांबल्या नसत्या. त्या वळल्या. घरट्याच्या तोंडाशी पिल्लू पंख थरथरवत बसले होते आणि कोवळे ऊन नेमके त्याच्या पाठीमागून येत होते. हा फोटो रावांना हवा होता म्हणून नव्हे, बाईंना स्वतःला हवा होता; घात तिथेच होता. कॅमेरा टेबलावरच होता.

पहिल्या पिल्लाने झेप घेतली ती बाईंच्या चौकटीत. बाहेर हॉर्न वाजला.

"आलेच, मुबारकभाई."

दुसरे पिल्लू तोंडाशी आले, बाहेर पाहून पुन्हा आत गेले. समोर मादी चोचीत किडा धरून त्याला भुलवत राहिली.

"आता येईल," राव कुजबुजले.

"हो," बाई म्हणाल्या. स्वतःच्या आवाजातली उत्सुकता ऐकून त्यांना शिसारी आली. डोळा मात्र कॅमेऱ्यावरून हलला नाही.

हॉर्न आणखी कितीदा वाजला कोण जाणे. शेवटी मुबारकभाईंनी बॅग आणून पायरीवर ठेवली. "अब उडके गए तोभी नै मिलता, मॅडम."

बाईंनी कॅमेरा खाली ठेवला आणि बागेकडे पाठ करून हैदराबादला फोन लावला. तीन भाषांत युक्तिवाद करू शकणाऱ्या त्या विदुषीला कारण सुचले ते एवढेच : "घरी अडचण आहे." पलीकडच्या गृहस्थांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. त्यांच्याकडे दुसरे नाव तयारच होते.

त्या वळल्या तेव्हा घरटे नुसतेच झुलत होते.

"दुसरं बी गेलं की बाई," आशाबाई म्हणाल्या. "तुम्ही फोनवर व्हता तवाच."

राव कॅमेऱ्यासाठी हात पुढे करून बसले होते.

"म्हणजे त्याचा फोटो नाही," ते म्हणाले. "असू दे. मादी पुन्हा बांधेल घरटं."