काडीएवढी फट

…नखाखालचा हा गुलाबी कण म्हणजे ससा नव्हे, सशाचा एक कान. सकाळी टेबलावरच्या दिव्याच्या कडेला मेणाचा ससा बसवला होता, त्याला कान लावता लावता एक नखातच राहून गेला असणार — चहाचा कप ओठांपर्यंत नेताना तिला तो दिसला आणि कप तसाच हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. पातळ, उजेडात आरपार दिसणारा, अगदी खऱ्या कानासारखा. मेणाचं हे एक बरं असतं. ते काही मनात धरत नाही. तुटलं तर तुटलं. पुन्हा बोटांत घ्या, की मागचं सगळं विसरून नवं काहीतरी व्हायला एका पायावर तयार.

चहा पार निवला. समोर, उघडमीट करणाऱ्या पितळी जबड्यात, बाबांचे दात होते.

बाबांचे म्हणजे बाबांसाठी केलेले. कवळ्या करणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. डॉक्टरांकडून प्लास्टरचे ठसे यायचे, त्यांच्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, हिरड्यांत एकेक दात रोवायचा, मग ती मेणातली कवळी एकदा तोंडात लावून बघायची आणि पसंत पडली की साच्यात घालायची. साच्यात मेण वितळून जातं, त्या जागी टणक प्लास्टिक बसतं. मग मात्र दात जिथे आहेत तिथे आहेत. त्यांना काही समजावता येत नाही. बाबांची कवळी काल लावून बघून झाली होती. आज ती साच्यात जायची होती.

"झाली का गं तुझी?" आतून प्लास्टरवाल्या काकूंचा आवाज आला. साचे त्यांच्या ताब्यात असायचे, आणि उकळत्या पाण्याचं भलंमोठं पातेलंही. "आठवडा झाला, नुसती मिरवतेयस. आता दे की!"

"देते हो काकू. जरा थांबा."

मिरवत तर होतीच. का नाही मिरवणार? असे दात तिनं जन्मात लावले नव्हते. बाबांचे, म्हणून चांगल्यातले चांगले दात निवडले, रंग तीनतीनदा ताडून पाहिला, आणि मग अशी ओळ लावली की कारखान्याचे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "याचा फोटो काढून भिंतीवर लावू या." आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. लहानपणापासून त्या माणसानं मला इतकं दिलं… आता माझी पाळी… असलं काहीतरी ती मनातल्या मनात घोळवत होती, आणि दात सरळ करत होती. आणखी सरळ.

आणि काल बाबांनी आरशात पाहिलं.

आपल्या नेहमीच्या जागेवर दुसरंच कुणी येऊन बसलेलं असावं, तसं पाहिलं. शांतपणे, परक्याचा मान ठेवून. मग हात तोंडावर गेला — दात काढले त्या दिवसापासून तो हात तिथेच मुक्कामाला होता — आणि हाताच्या आडून ते म्हणाले, "छान आहेत. फारच छान. कुणाचे आहेत?"

डॉक्टर खो खो हसले. तीही हसली. बाबांचा विनोद म्हणून हसली… आणि घरी परतताना, रिक्षात, बाबा बाहेर बघत बसलेले असताना तिच्या एकदम लक्षात आलं की तो विनोद नव्हता. इतक्या दिवसांत त्यांनी एकही विनोद केलेला नव्हता.

बाबा, ज्यांना नळसुद्धा सर्दी झालेला गृहस्थ वाटायचा! ओळख पाहू कोण — हा त्यांचा खेळ. न्हाणीतला नळ म्हणजे सर्दीवाले भाऊसाहेब. इस्त्री म्हणजे रुसून बसलेली धाकटी आत्या. कुलूप म्हणजे तोंडावर बोट ठेवलेला शेजारी. धान्याच्या गोदामात ते पोत्यांच्या तोलाचं काम बघायचे. तिथं पोत्यांवर आकडे टाकायचे सोडून खडूनं तोंडं काढायचे — हसरं पोतं या दारानं, रडकं त्या दारानं. मालक करवादायचे, पण हमालांचं पोतं कधी चुकलं नाही. आणि त्यांच्या पुढच्या दोन दातांत एक फट होती. जेवणं आटोपली की बाबा त्या फटीत आगपेटीची काडी अडकवायचे, छाती फुगवायचे आणि सेनापती होऊन घरातल्यांना हुकूम सोडायचे. "भांडी… उचल!" काडी दातांत तशीच हलायची. आई म्हणायची, "झालं यांचं सुरू," आणि पदरानं तोंड झाकून घ्यायची, कारण आईला हसताना सापडायचं नसायचं.

मागच्याच आठवड्यात तिनं स्वतः खेळ काढून पाहिला होता. शिट्टी देऊन दमलेल्या कुकरकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ओळखा पाहू कोण?" त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "नाही गं. मला आता तसलं काही दिसत नाही." डोळे तर ठणठणीत होते.

तेव्हा ती घाबरली होती. दातांशिवाय माणूस पेज पिऊन राहील. पण कुकरमध्ये कुणीच न दिसणारे बाबा… ते कसे सांभाळायचे असतात, मला ठाऊक नाही.

"अगं, पाणी उकळायला लागलं!"

"आले, आले."

स्पिरिटचा दिवा विझला होता. कडेनं जरा मेण गुळगुळीत करू आणि देऊन टाकू, असं म्हणून तिनं आगपेटी ओढली, काडी ओढली, दिवा लावला, काडीवर फुंकर मारली — आणि काडी टाकायला गेलेला हात अर्ध्या वाटेत थांबला.

काडी. एवढी. नेमकी एवढीच.

वेडे, माप तुझ्या हातात आहे… किती वर्षं रोज हातात आहे…

काडीचं जळकं टोक तिनं मोडून टाकलं. छोटी सुरी ज्योतीवर धरली. मग त्या भिंतीवर लावण्याजोग्या ओळीकडे तिनं एकदा पाहून घेतलं. चांगलं काम होतं, वाईट वाटलंच. सुरी मेणात शिरली. पुढचे दोन दात सैल झाले, तिनं त्यांना हलकेच बाजूला सारलं आणि मधोमध काडी उभी धरली. ती बसली. किंचित घट्ट, हलवली तर हलेल अशी.

आणि मग बोटांनी तिला विचारायचंच सोडून दिलं. डावीकडचा बाजूचा दात शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायचा — डोकवला. सुळ्याचा कोपरा झिजलेला होता, पोत्याची सुतळी दातानं तोडायचे म्हणून; सगळ्यात सुबक दात तिनं घासायच्या चाकावर धरला आणि त्याचा कोपरा खाऊन टाकला. चाकाचा आवाज ऐकून सर आले.

"अहो, हे काय करताय? लोक आपल्याकडे वाकड्याचे सरळ करून घ्यायला येतात!"

"हे वाकडेच होते, सर."

"डॉक्टरांनी पास केलंय ना?"

"आत्ता फोन करून विचारते. नको म्हणाले तर पुन्हा सरळ लावून देईन."

"चांगल्या कामाची माती करताय," सर पुटपुटले आणि निघून गेले. माणूस वाईट नाही. सरळ रेषेवर त्यांचं मनापासून प्रेम आहे, इतकंच.

माती… तिला हसू आलं. मातीच तर हवी होती एकेकाळी. मूर्ती घडवायच्या होत्या. त्यासाठी एक खोली, खोलीला मोठी खिडकी, आणि त्या खोलीत आपण, कुणी हाका मारत नसलेल्या. खोली मिळाली की सुरू करू, असं म्हणता म्हणता नोकरी लागली, संसार झाला, आणि ती खोली कधीतरी नावाच्या गावाला राहून गेली. दिव्याच्या कडेवर रोज बसणारी जनावरं — ससे, उंट, एकदा तर सरांसारखी दिसणारी बदकीण — ती कशात मोजायचीच नसत. तो चाळा होता. संध्याकाळी उरलंसुरलं मेण कढईत टाकायचं असा कारखान्याचा शिरस्ता, त्यात जनावरंही जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हिरड्या व्हायच्या. इतकी वर्षं. किती अनोळखी माणसांच्या तोंडात माझे उंट जाऊन आले असतील…

हा विचार आला आणि तिचे हात थांबले. छातीत काहीतरी ऊन ऊन पसरलं. खोली नव्हती, पण एक दिवस तरी खेळल्यावाचून गेला होता का? आणि हा खेळ शिकवला कुणी? खडू घेऊन पोत्यांना हसवणाऱ्या माणसानं. त्यानं कधी याला कला म्हटलं नाही, शिकवतोय असंही म्हटलं नाही. नुसतं म्हणाला, ओळख पाहू. बाबा, तुमचे उपकार कसे फेडू, असं म्हणायची सोयसुद्धा नाही, तुम्ही लगेच काहीतरी वात्रटपणा कराल… करायचात.

फटीच्या वर हिरडीचं टोक भरायला मेण कमी पडलं. पट्टी नवी उघडावी लागणार होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं. दिव्याच्या कडेवर एककानी ससा बसला होता. तिनं त्याला उचललं, ज्योतीवर धरलं, आणि ससा निमूटपणे बाबांच्या दोन दातांमध्ये जाऊन बसला. नखाखालचा कानही तिनं टोकरून काढला. तोही लावला.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "तुझ्यापायी पाणी आटायला…" त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. त्या वाकल्या, पितळी जबड्याकडे बघत राहिल्या, आणि फस्सकन हसल्या. बाबांना त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. "अगं बाई! हा माणूस आत्ता काहीतरी चावट बोलणार बघ!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडतेस कशाला? राहू दे. उद्याच्या खेपेला घालू."

डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच लावून बघा, जेवायला मात्र देऊ नका, मेण आहे.

मेण आहे, म्हणून बसमध्ये तिनं डबी ओल्या कापसात बसवून मांडीवर धरली, उन्हाच्या बाजूला पाठ करून. आता भीती वाटायला हवी होती. बाबा आरशात पाहतील, हात तोंडावर नेतील, "छान आहेत" म्हणतील आणि डबी परत करतील. तेही होईल, का नाही होणार? गेलेलं सगळंच काही काडीनं मोजून परत आणता येत नाही. उद्या सकाळी कदाचित पुन्हा सगळं सरळ लावावं लागेल. लावीन. मेण कुठे काय मनात धरतं…

पुढच्या सीटच्या पाठीला दोन स्क्रू होते आणि खाली एक फाटकी शिवण. जेवायला उशीर झाल्यावर बसतात तसे बसलेले कुणी वकीलसाहेब. तिनं ओळखलं. मग एकेक करून सगळेच दिसायला लागले — दाराचं हँडल, कंडक्टरची पिशवी, कोपऱ्यावरची जांभई देणारी पत्रपेटी — जणू इतके दिवस तेही तोंडावर हात धरून बसले होते.

जिना चढून तिनं बेल दाबली. आत सपाता घासत आल्या, दाराशी थांबल्या.

"कोण?" बाबांनी आतून विचारलं. दबका, हाताआडून आलेला आवाज.

मी आहे, असं रोजचं उत्तर ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. एका हातात डबी होती, दुसरा खिशात, काडीवर. दाराच्या मधोमध बाहेर बघायचं भोक होतं, त्याच्या खाली कडी — एक डोळा मिटून बघणारा म्हातारा, तोंड जरासं वाकडं. किती ओळखीचा. ती त्याच्याकडे बघून मनापासून हसली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की आत काय होणार याची तिला आता मुळीच घाई उरली नव्हती.

"ओळखा पाहू," ती म्हणाली.

आत सपाता हलल्या नाहीत.