भट्टीतली उत्तर दिशा

पृथ्वीची चुंबकीय उत्तर दिशा एका जागी गप्प बसत नाही, हे संशोधक असलेल्या क्षितिजाला कुणी सांगायला नको. तिचं पोटच त्यावर. होकायंत्राची सुई शतकाशतकांत कुठे कुठे भटकली, याचं गणित ती सहा वर्षं मांडत होती. नायगावच्या विसाव्या मजल्यावर, खाडीकडे बघत, डोळे अर्धवट मिटून. तंद्री लागली की तिला ती सुईच दिसायची, वसईवरून हळूहळू पश्चिमेकडे सरकणारी, कंटाळून परत फिरणारी. फक्त सतराशे नव्वदच्या आसपास गणिताला आधार देणारं मोजमापच नव्हतं. तिथे सगळा अंदाजपंचे कारभार!

अशात वसईजवळच्या होळी गावात, ओळखीच्या विमलाकाकूंच्या वाडीत जुनी चुन्याची भट्टी असल्याचं तिला कळलं. विहिरीच्या चिऱ्यावर शके १७१२, म्हणजे सन सतराशे नव्वद, कोरलेलं, आणि त्याच विहिरीसाठी या भट्टीत शिंपल्यांचा चुना भाजलेला. नंतर कुणी तिथे काडीसुद्धा पेटवली नव्हती. भाजलेली माती निवताना त्या वेळची उत्तर पोटात धरून ठेवते. पुन्हा तापली, की जितकी तापली तितकं विसरते. क्षितिजाने फोन केला, "काकू, रविवारी येते, भट्टीचा तुकडा न्यायला."

काकू म्हणजे माउली! पाहुणी येणार म्हणून त्यांनी भट्टी झाडली, मडक्यात पापडी, कोनफळं, रताळी भरली आणि तिथेच जाळ करून उकडहंडी लावली. क्षितिजा पोचली तेव्हा केळींमधून धूर वर चढत होता.

तिचा चेहराच पडला. कारण कळल्यावर काकूंचाही. "अगं बाई, काय करून बसले मी!" उकडहंडी तशीच मडक्यात राहिली. भट्टी निवल्यावर क्षितिजाने दिशेची खूण करून तुकडा मात्र नेला.

प्रयोगशाळेत तिने तो थोडा थोडा तापवून दर वेळी यंत्रावर मोजला. अडीचशे अंशांपर्यंत काकूंच्या जाळाची, आजची उत्तर पुसली गेली. मग खालची जुनी उत्तर संथपणे वर आली. सव्वादोनशे वर्षं झोपलेली! क्षितिजा भान हरपून बघत राहिली. पुढच्या प्रत्येक तापाला ती उत्तर तिथेच टिकली, क्षितिजाच्या गणितापेक्षा चार अंश पश्चिमेला.

म्हणजे गणितच चुकलेलं. सहा वर्षं पाण्यात.

पळवाट मात्र समोरच होती. नोंदवहीत एवढंच लिहायचं, 'भट्टी नुकतीच पेटवलेली, नमुना बाद.' कोण विचारतंय? तिने तसं लिहिलंही. तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, माझ्यामुळे तुझं काम बिघडलं का गं? त्या दिवसापासून जिवाला घोर लागलाय माझ्या."

हो म्हणणं किती सोपं होतं! क्षितिजाने लिहिलेली ओळ खोडली.

"नाही काकू. तुमचा जाळ वरवरचा होता. भट्टीचं बरोबर आहे. चुकले मी."

"सुटले गं बाई!" काकू तिकडे म्हणाल्या, आणि इकडे क्षितिजाला रडू फुटलं.