निळ्या मोटारीची क्लच प्लेट

मिस्त्रींच्या गॅरेजमागे एक जुनी निळी मोटार उभी होती. लग्न झाल्या झाल्या मोडक्या अवस्थेत घेतलेली. दुरुस्त केली की पहिली फेरी तळ्यापर्यंत, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं. मुलं मोठी होऊन परगावी गेली, मोटार काही जागची हलली नाही. दोष मोटारीचा नव्हता, मिस्त्रींच्या सढळ हाताचा होता.

जुन्या गाड्यांचे भाग दुकानात मिळत नाहीत. पण कुठल्या गाडीची कुठल्या गाडीशी सोयरीक जुळते, हे मिस्त्रींना तोंडपाठ होतं. अमक्या जीपचा गिअर तमक्या टॅक्सीत बसतो, फक्त एक वॉशर जास्तीचा घालायचा. टेम्पोचं बेअरिंग मोटारीला चालतं, कुरकुर न करता. आणि कुठेच काही जुळलं नाही, तर मिस्त्री मागे जायचे आणि निळ्या मोटारीचं काहीतरी काढून आणायचे.

"आमची गाडी गावभर फिरते," बायको म्हणायची, "फक्त सगळी एकदम फिरत नाही." बोलायची कडू, पण मनातून तिला या माणसाचं भारी कौतुक होतं. बंद पडलेली गाडी पुन्हा धडधडायला लागली, की मालकाच्या आधी हिचा चेहरा खुलायचा.

या वर्षी मात्र मिस्त्री हट्टाला पेटले. त्यांनी एकेक भाग जमवून मोटार पुरी केली. गिअर असे अलगद पडू लागले की आवाजही नाही. "रविवारी तळं," ते म्हणाले, आणि बायकोने ठेवणीतले कपडे बाहेर काढले.

शनिवारी बेकरीवाला आला. वडिलांच्या वेळची त्याची व्हॅन चढावर बंद पडली होती. त्याने आणलेली क्लच प्लेट पार रिव्हेटपर्यंत झिजलेली.

"सगळी दुकानं पालथी घातली, मिस्त्री. भट्टी पेटलेली आहे, माल तयार आहे. पोचवू कशाने? चार दिवस माल गेला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल. मग बेकरीला कुलूपच."

मिस्त्रींनी प्लेटच्या मधल्या भोकातले दाते बोटाने चाचपले. बराच वेळ चाचपले.

"नाही रे. हिच्या जागी दुसरी कुठलीच बसत नाही."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. मागच्याच महिन्यात, जेवता जेवता, घास हातात तसाच ठेवून याच माणसाने तिला सांगितलं होतं, "अगं, बेकरीच्या व्हॅनची आणि आपल्या मोटारीची प्लेट सारखीच! तेवढाच घेर, तेवढेच दाते. फक्त जाड बाजू उलटीकडे करायची."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आधीच स्वच्छ असलेले हात तो पुन्हा फडक्याला पुसत होता आणि कान लालबुंद झाले होते. उभ्या जन्मात या माणसाने कुठल्या भागाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, ते तिच्या एका फेरीसाठी. तिला भरून आलं.

बेकरीवाला प्लेट उचलून वळला. गप्प राहिली असती तर रविवार तिचाच होता.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या गाडीची बसते की."

"अगं, पण..."

"उलटी बसवायची, नाहीतर क्लच सुटायचा नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

बेकरीवाला चपापला. "काकू, पण तुमची गाडी?"

"आमच्या गाडीला उभं राहायची सवय आहे. तुझ्या पावांना नाही. चहा घे."

मिस्त्री पाना उचलून मागे गेले. ती बॅटरीचा उजेड धरायला गेली, तेव्हा मोटारीखालून त्यांचा आवाज आला. "रागावलीस?"

"छे! माझ्यासाठी एवढं मोठं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं."

रविवारी सकाळी दारात भोंगा वाजला. बेकरीवाल्याने व्हॅनची किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली आणि स्वतः मागे, पावांच्या फळ्यांमध्ये जाऊन बसला. "चाचणी घ्या, मिस्त्री, थेट तळ्यापर्यंत. माल वाटेत टाकू. काकू, पुढे बसा."

तिने लगबगीने ठेवणीतले कपडे घातले; बसताना त्यांना पीठ लागलं, ते तिने झटकलंही नाही. मिस्त्रींनी क्लच दाबला. गिअर अलगद पडला, आवाजही नाही.

"ही प्लेट आपलीच ना?" तिने विचारलं.

"आपलीच."

"मग सावकाश चालवा. आपल्या गाडीतून पहिल्यांदाच फिरतेय."