माझी खांदेमळणी

मी विजेवरच्या गाड्यांचा एक जुना चार्जर आहे. जुना म्हणजे तुमच्या शाळेच्या दप्तराइतका असेन. पण आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं. माझ्या पाठीमागून आलेले चार्जर माझ्यापेक्षा चपळ आहेत, त्यांचे पडदे मोठे आहेत आणि त्यांच्या अंगावरचा रंग अजून उडालेला नाही. मी मात्र राजूरला, जालना-भोकरदन रस्त्याच्या कडेला, बद्रीनाथमामांच्या चहाच्या हॉटेलासमोर उभा आहे. मित्रांनो, या जागेचा मला फार अभिमान आहे. ही जागा एकदा माझ्या हातून जाता जाता राहिली, म्हणून तो अभिमान थोडा जास्तच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, पोटात तारा, कपाळावर एक दिवा. दिवा हिरवा असला की मी तयार, निळा असला की माझं काम चालू आणि लाल झाला की समजावं, माझं काहीतरी बिनसलं. कमरेला एक जाड काळी वायर आहे. तिच्या टोकाला जे असतं त्याला सगळे गन म्हणतात. नाव भयंकर आहे, पण ती कुणाला इजा करत नाही. विजेवरच्या गाडीच्या तोंडात ती बसली की गाडीचं पोट भरतं, एवढंच.

कारखान्यात माझे सोबती मोठमोठ्या शहरांत गेले. मला वाटलं, मीही एखाद्या झगमगत्या दुकानासमोर उभा राहीन. टेम्पोवरची ताडपत्री निघाली तेव्हा समोर दिसली ती चुलीवरची किटली, एका बाजूला कपाशीचं शेत आणि लांब टेकडीवरच्या गणपतीचा कळस. खरं सांगतो, माझा हिरमोड झाला.

गावाचाही झाला असावा. पहिल्या आठवड्यात एक म्हातारेबुवा रिकामा कॅन घेऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि नळ कुठं आहे ते शोधू लागले. त्यांना मी पाण्याचं एटीएम वाटलो होतो. मी पाणी देत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, "मंग हाय कशाला हे?" आणि कॅन उचलून चालते झाले.  गाड्या येतच नव्हत्या. मामांच्या बायकोने, म्हणजे तुळजामामींनी, माझ्या ओट्यावर मिरच्या वाळत घातल्या. माझ्या वायरवर बनियन वाळू लागलं. गाडीचा धक्का मला लागू नये म्हणून समोर रोवलेल्या लोखंडी दांड्याला कुणीतरी शेळी बांधून गेलं, आणि तिने माझ्या सूचनांचा कागद खाऊन टाकला. उभ्या उभ्या गंजून जायचं, एवढंच आता आपल्या नशिबी, असं मला वाटू लागलं.

मग दैवशालाताई आली.

ती थेट धावड्याहून, भोकरदनमार्गे, आपली विजेवरची रिक्षा घेऊन आली होती. रिक्षात देवदर्शनाला निघालेल्या बाया खच्चून बसल्या होत्या. ती गाडी तिने घेतली तेव्हा तिच्या दिराने सांगितलं होतं की ही अंगणात उभी राहणार आणि हिच्यावर कोंबड्या बसणार. दिराचं बोलणं तिला झोंबलं होतं. पण गाडीची अडचण खरीच होती. भरलेली बॅटरी धावड्याहून राजूरला पोचवायची, परत न्यायला मात्र पुरायची नाही.

"मामा, येणं व्हतंय, परत जाणं न्हाई," ती चहा घेता घेता म्हणाली. "हे तुमच्या दारातलं चालू हाय का?"

"चालू हाय की. बिलकुल चालू हाय. कोणी येतच न्हाई त्याच्याकडं," मामा म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने माझ्यावरचं बनियन ओढून काढलं.

गन गाडीच्या तोंडात बसली. माझा दिवा पहिल्यांदा निळा झाला. बाया दर्शन करून परतल्या तोवर रिक्षा धावड्याला जायला तयार होती. त्या दिवसापासून दैवशालाताईची राजूरची फेरी पक्की झाली आणि मला काम मिळालं. पाठोपाठ शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आपली स्कूटर घेऊन येऊ लागल्या, मग जालन्याहून एक औषधवाला. गर्दी नव्हती, पण मिरच्या दुसरीकडे वाळू लागल्या.

आणि बद्रीनाथमामा? त्यांना माझा लळा लागला. मामांच्या दावणीला पूर्वी बैलजोडी होती. गुडघे दुखू लागल्यावर शेत ट्रॅक्टरवाल्याकडे गेलं आणि बैल भावकीतल्या एकाकडे गेले. हात मात्र मोकळे बसेनात. सकाळी हॉटेल उघडलं की मामा आधी माझ्याकडे यायचे, फडक्याने माझं अंग पुसायचे, वायर नीट गुंडाळायचे आणि पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय राजा, बराबर हाय ना?" पत्र्याच्या पाठीवरची ती थाप मला फार आवडायची.

माझ्यावर संकट आलं ते या मायेमुळेच.

पोळा तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो. तो गरम पाण्याने शेकायचा, त्याला हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या संध्याकाळी मामांनी सवयीने वाटीत हळद-तूप कालवलं, गरम पाण्याचा तांब्या घेतला, आणि मागच्या गोठ्याशी जाऊन थबकले. गोठ्यात सरपण रचलेलं होतं.  मग मामा वळले आणि सरळ माझ्याकडे आले.

"राबतो तर हाच," ते मामींना म्हणाले. "पण ह्याचा खांदा कोनता?"

मामींनी पदर खोचला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जिथं भार येतो तो खांदा," त्या म्हणाल्या.

"भार तर ह्या गनवर येतो."

"मंग चोळा की तिथंच."

तर्कात काही खोट नव्हती, मित्रांनो. म्हणूनच तर घात झाला. मामांनी माझी गन आधी गरम पाण्याने शेकली. मग तिच्या एकेका भोकात बोट घालून, हळुवारपणे, हळद-तूप चोळलं. माझ्या कानाशी तोंड आणून आवतणही दिलं. मला हे चालत नाही हे सांगायला माझ्याकडे एक लाल दिवाच होता, तो मी लावला. मामा हसले. "बघा, लाजला," ते मामींना म्हणाले. आजवर माझी एवढी सेवा कुणी केली नव्हती, आणि सोसेनाशी झालेलीही तीच पहिली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी दैवशालाताई आली. गाडीत धावड्याच्या बाया होत्या. संध्याकाळी बैल वेशीत निघायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. तिने गन लावली, काढली, पुन्हा लावली. दिवा लालच.

"मामा, ह्याला काय झालं?"

मामांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हॉटेलातल्या फ्रिजचा प्लग काढून त्यांनी तिथून वायर दिली, पण घरगुती प्लगवर बॅटरी भरायला सगळी दुपार जाते. बाया थोडा वेळ थांबल्या, मग जाणाऱ्या काळीपिवळी जीपला हात करून निघून गेल्या. जाता जाता एक जण म्हणाली, "हिच्या गाडीचं काई खरं न्हाई बाई."  मामींनी पुढे ठेवलेली पुरणपोळी दैवशालाताईने तशीच बाजूला सारली. ते पाहून मला जे वाटलं, त्यासाठी दिव्याचा कुठलाही रंग पुरला नसता.

काही दिवसांनी कंपनीचा दुरुस्तीवाला आला. राधेश्याम त्याचं नाव, बदनापूरचा पोरगा. त्याने गन उघडली, बोट पिवळं झालं, वास घेतला आणि मामांकडे पाहिलं.

"काका, हे तूप हाय?"

"घरचं हाय," मामा खाली मान घालून म्हणाले. "खांदेमळणी केल्ती त्याची."

राधेश्याम रागावला नाही. त्याच्याही घरी बैल असावेत. त्याने नवी गन बसवली, माझा दिवा हिरवा केला, पण जाताना वाईट बातमी सांगितली. इथे वापर कमी आणि त्यात हा बिघाड, म्हणून कंपनी मला इथून काढून जालन्याला नेणार होती. गणपती उठले की गाडी येणार होती.

दैवशालाताईला हे कळलं तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. हा चार्जर गेला की तिची राजूरची फेरी गेली, आणि फेरी गेली की रिक्षा अंगणात आणि तिच्यावर कोंबड्या. दीर हसणार, ते वेगळंच. तिने मामांचा फोन मागून घेतला आणि राधेश्यामला लावला.

"दादा, न्यायचा तर न्या. फकस्त एक करा, गणपती उठल्यावरच्या चतुर्थीला या न्यायला. अंगारकी हाय. एकदा डोळ्यानं बघा, मंग काय करायचं ते करा. दर्शनबी व्हईल तुमचं."

दर्शन होईल हे राधेश्यामला पटलं असावं. तो हो म्हणाला.

अंगारकीला राजूरच्या रस्त्यावर मुंगीला वाट नसते. त्या दिवशी सकाळपासूनच माझा दिवा निळा होता. जालन्याहून स्कूटरी आल्या, दोन मोटारी आल्या, आणि दैवशालाताईच्या मागोमाग भोकरदनच्या आणखी दोन विजेवरच्या रिक्षा आल्या. मागच्या खेपेला तिच्याबद्दल वाकडं बोललेली ती बाई पुन्हा तिच्याच गाडीतून उतरली आणि टेकडीकडे चालू लागली. मामी चहा गाळून गाळून थकल्या. मामा रांग लावत होते: "जल्दी करू नका, सगळ्यांचा नंबर लागन."

आणि त्या रांगेच्या शेवटी येऊन थांबला राधेश्याम. मला न्यायला त्याने कंपनीचा टेम्पो आणला होता. टेम्पोही विजेवरचा. दिवसभर गावोगाव फिरून त्याची बॅटरी तळाला गेली होती.

"काका, जरा मला लावू द्या, परत जाण्यापुरती वीज न्हाई राह्यली," तो म्हणाला.

मामांनी कमरेवर हात ठेवले. "ज्याला उठवायला आला त्याच्याच पंगतीला बसतो का रे? बस. पण नंबरानं."

रांगेतली माणसं हसली, राधेश्यामही हसला. तो बसला, चहा प्याला, दर्शन करून आला, तरी नंबर आला नव्हता. मग त्याने रांगेचा एक फोटो काढला आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, हा काढला तर मलाच परत येता येणार न्हाई," एवढंच मला ऐकू आलं. त्याचा नंबर आला तेव्हा टेम्पोतले पाने आणि दोर टेम्पोतच होते. माझी वीज घेऊन तो रिकाम्या गाडीने परत गेला. दैवशालाताईने डोळ्यांना पदर लावला आणि मग सगळ्यांदेखत माझ्या ओट्याला हात लावून कपाळाला लावला.

तेव्हापासून मी इथेच आहे. दिवाळीनंतर माझ्या शेजारी दुसरा चार्जर आला, तरणाताठा. त्याच्यापुढे मोटारी थांबतात, माझ्याकडे रिक्षा आणि स्कूटरी. भोकरदनला एक झाला, बदनापूरलाही झाला, असं राधेश्याम सांगतो. आता दैवशालाताई कुठे थांबायचं याचा घोर न करता निघते.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. काम झालं की गन तिच्या जागेवर अडकवा, चिखलात टाकू नका. वायरवरून गाडी नेऊ नका. दिवा लाल दिसला तर आदळआपट न करता फोन करा. माझ्या मागे कुणाची तरी घरी जायची वाट अडलेली असते, हे ध्यानात असू द्या. माया करायची तर जरूर करा, फक्त समोरच्याला काय सोसतं ते आधी विचारा.

मामा आता विचारतात. यंदाच्या खांदेमळणीला ते पुन्हा वाटी घेऊन आले. राधेश्यामला फोन करून त्यांनी जागा नक्की करून घेतली होती. माझी गन खुंटीला तशीच राहिली. मामांनी माझ्यासमोरच्या त्या लोखंडी दांड्याला, जिथे पूर्वी शेळी बांधायचे, तिथे हळद-तूप चोळलं. मग माझ्याजवळ तोंड आणून हलकेच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी मामींनी पुरण जास्तीचं घातलं. ज्याची ज्याची गाडी माझ्यापाशी थांबली, त्याच्यापुढे पान मांडलं गेलं. पहिल्या पानावर दैवशालाताई होती, आणि या वेळी तिने दोन पोळ्या खाल्ल्या. मला खायला तोंड नाही. तेव्हा पोळ्याला इकडून जाणं झालं तर थांबा. आवतण माझं आहे, जेवायला तुम्ही या.