जोडीचा फोटो

गल्लीच्या तोंडाला बॅनर लागलाय. माझी लेक सुलेखा आन् शेजारी तिचा नवरा, दोघांचे हात वर. येणारंजाणारं म्हणतं, "मालनबाई, काय जोडा हाय!" जळो त्यो जोडा. मीच आणून उभा केलाय त्यो.

बारा वर्षांखाली सुलेखा सासरहून, लासूर स्टेशनाहून, माहेरी आली, ती उजव्या खांद्याचं हाड मोडून. ह्याच नवऱ्यानं, संघपालनं, काठीनं मारलं होतं. मी गल्लीत सांगितलं, मोरीत पाय घसरला. इज्जत झाकायची होती ना! हाड वाकडंच बसलं. हात काही खांद्याच्या वर जात नाय. पण पोरगी खमकी. परत सासरी गेलीच नाय. चितेगावच्या कंपनीत लागली. नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, तवा बायका घेऊन टाकीवर ठाण मांडून बसली आन् पाणी आणलंच.

यंदा वार्ड बायकांसाठी सुटला. पार्टीच्या तात्यासाहेबांनी तिला तिकीट दिलं. मला वाटलं, पाण्यावर मतं पडतील. कशाचं काय! दारोदार एकच चौकशी, "बाईचे मालक कुठं असतात?" समोरची वच्छलाबाई, जिच्या घागरी सगळ्यात आधी भरल्या, ती मला म्हणली, "जिला घर सांभाळता आलं नाय, ती वार्ड काय सांभाळणार? जावयानं कधी बोट लावलेलं तर ऐकलं नाय आम्ही."

कुठून ऐकशील बाई? मोरीचं मीच सांगितलं होतं. निदान आता तरी तोंड उघडायचं होतं. 'मारत होता' एवढंच म्हणायचं होतं. पण बारा वर्षं खोटं बोलले, हे कोणत्या तोंडानं सांगू?

तात्यासाहेब म्हणले, "पत्रकावर मालकाचा फोटो पाहिजे. लोकांना भरलं घर लागतं."

सुलेखा तडकली, "मी पाण्यासाठी उभी राहिले, नांदायसाठी नाय."

पण ती पडली असती, तर पुन्हा टाकीवर तिचं कुणी ऐकलं नसतं. तेच माझ्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता एसटीनं लासूरला गेले आन् जावयाला घेऊन आले.

प्रचारातून ती घरी आली, तर संघपाल बाजेवर बसून चहा पीत होता. ती दारातच थांबली. "तू आणलंस, आई?"

"चार दिवसांचं हाय गं. निकाल लागला की धाडून देऊ."

"त्यो जायला आला नाय," एवढंच बोलली. फॉर्म मागं घ्यायची तारीख निघून गेली होती.

संघपाल पांढरा सदरा घालून दारोदार फिरला. जय भीम, रामराम, सलाम, ज्याला जे पाहिजे ते. म्हाताऱ्यांचे पाय धरले. बायका विरघळल्या. "लई गरीब माणूस हो! हीच तापट असंल." तेच हात, बायांनो, तेच! मनातच म्हणले हे, आन् पुढच्या दारात पत्रक दिलं.

दोनशे मतांनी आली सुलेखा. गुलाल, ताशे, आन् लोकांनी पहिला हार घातला त्यो त्याच्या गळ्यात. वच्छलाबाईनं तर "साहेब, आमच्या नळाचं बघा" म्हणून त्यालाच अर्ज दिला. घेतला त्यानं, न वाचता खिशात घातला.

फोटोवाला वरडला, "जोडीनं हात वर करा!"

सुलेखानं डावा हात उचलला. संघपालनं तिचा उजवा धरला आन् हसत-हसत वर वढला. खांद्याच्या वर. "आई गं!" म्हणली ती. ताशात कुणाला ऐकू गेलं नाय. मला गेलं.

वच्छलाबाई माझ्या दंडाला धरून म्हणली, "बघा, आनंदानं डोळे भरले पोरीचे."

मी म्हणले, "व्हय."