डमी जयमाला

चिखलीतला गजेंद्रचा स्टुडिओ म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. पाटी मात्र ऐटदार: 'गजेंद्र डिजिटल साउंड'. आसपासच्या खेड्यांतली भजनी मंडळं, लग्नाची गाणी, एखाद्या हौशी सरपंचानं स्वतःच रचलेला पाळणा, असं सगळं तिथं वीस वर्षं रेकॉर्ड होत आलं, आणि तेही एकाच सॉफ्टवेअरवर. ते काढणाऱ्या परदेशी कंपनीनं जानेवारीत मेल धाडला की आम्ही हे बंद करतोय, एकतीस मार्चनंतर ते उघडणार नाही. वर इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभारही मानले होते. गजेंद्रनं मेल वाचला आणि चहा प्यायला गेला.

त्याला काहीच वाटलं नाही. दीड वर्षापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याच्या बायकोचं, जयमालाचं, अकोल्याला घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं आणि श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक राहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'जीव वाचला, हे महत्त्वाचं' म्हणायचा आणि हाही मान हलवायचा. दात काढताना गाल बधिर होतो, तसा हा सगळाच बधिर झाला होता.

जयमाला गायची. पण तिचं एकही गाणं बाहेर पडलेलं नव्हतं. खेड्यातली माणसं देवळात कशी दणकून गातात, पण कानाला हेडफोन लावून काचेसमोर उभी केली की त्यांची चाल सुटते, ताल सुटतो. म्हणून आधी जयमाला अख्खं गाणं गाऊन ठेवायची. या नमुन्याच्या गाण्याला स्टुडिओत डमी म्हणतात. मंडळी कानात डमी ऐकत ऐकत तिच्यावरून गायची आणि त्यांचं झालं की गजेंद्र डमीचं बटण बंद करायचा. पुसायचा नाही, नुसतं बंद. फाइलीचं नावही त्यानंच ठेवलेलं, 'डमी जयमाला'. अशा दोनशे बारा गाण्यांत ती होती, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर एकाही गाण्यात नव्हती.

फेब्रुवारीत पुण्याहून अर्पिताचा फोन आला. एकुलती एक लेक, तिचं लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलेलं, सासर पिंपळगाव राजाचं.

"बाबा, माह्या हळदीले डीजे नका लावू. आईनं हळदीच्या गाण्याची डमी गायली होती ना, ते लावा. आईले सांगू नका पण."

"हाव," गजेंद्र म्हणाला.

"आहे ना ते? माह्याजवळ आईचं काहीच नाही. व्हॉइस मेसेज आहेत, तर त्याच्यात 'पोचली का', 'जेवली का', एवढंच."

"आहे ना. समदं आहे."

मग त्यानं हरिओमला बोलावलं. हरिओमचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पण नव्यात जुनी गाणी थेट उघडत नव्हती. प्रत्येक गाण्याची ढोलकी, पेटी, टाळ, गळे सुटे करून जुन्यातून बाहेर काढायचे आणि नव्यात पुन्हा एकावर एक मांडायचे. गजेंद्रनं अख्खा मार्च त्यात घातला. काम हमालीचं होतं आणि त्याला तेच हवं होतं. डोकं लागत नव्हतं, दिवस जात होता.

आता त्याचं चुकलं कुठं, ते सांगतो. बाहेर काढलेली एकेक फाइल तो वाजवून तपासायचा. ढोलकी आली का, आली. पेटी आली का, आली. 'डमी जयमाला' मात्र तो नुसती नजरेनं बघायचा. नाव बरोबर, लांबी बरोबर, चार मिनिटं सतरा सेकंद. वाजवायचा नाही. ऑपरेशननंतर तिचा गळा ऐकायची त्याची छातीच झाली नव्हती. ऐकलं तर बधिरपणा उतरेल आणि मग दुखायला लागेल, ही त्याची खरी भीती होती. अशा दोनशे बारा फाइली त्यानं न ऐकता खुणा करून सोडल्या. नंतर हरिओमनं विचारलं, "भाऊ, जुनी डिस्क ठेवू का?" तर हाच म्हणाला, "कायले? पुसून टाक. जागा होईन."

हळदीच्या आठ दिवस आधी अर्पिता घरी आली आणि पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओच्या दारात उभी राहिली. गजेंद्रनं गाणं उघडलं, बाकी सगळं बंद केलं आणि डमी चालू केली. पडद्यावर एक सरळ रेघ सरकत राहिली. त्यानं आवाज वाढवला. वायरी काढून घातल्या. दुसरं गाणं उघडलं, मग तिसरं. सगळीकडे तीच सरळ रेघ. त्यानं हरिओमला फोन लावला.

"भाऊ, काढतानी डमीचं बटण चालू होतं का बंद?"

"बंद. ते तं नेहमीच बंद राह्यते."

"मंग ते सुनंच बाहेर पडलं. बंद असलं की ते जुनं सॉफ्टवेअर नावापुरती फाइल देते, आतमंधी काही देत नाही. आन् जुनी डिस्क तं तुमीच पुसाले लावली."

अर्पितानं सगळं ऐकलं. ओरडली नाही. "तुमी एकदाबी लावून पाह्यलं नाही, बाबा?" एवढंच विचारून ती आत गेली. गजेंद्रला वाटलं, आता तरी काही होईल, छातीत कळ येईल, डोळे भरतील. तसलं काही झालं नाही. त्यानं कॉम्प्युटर नीट बंद केला आणि जिना चढून गच्चीवर गेला.

जयमाला लग्नाच्या कुरडया उन्हात उलटवत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"तुह्या समद्या डमी गेल्या," तो म्हणाला. "एकबी नाही राह्यली. पोरीले हळदीले तुह्यं गाणं लावाचं होतं. माह्या हातानं गेलं."

तिनं 'काऊन?' अशा अर्थानं हात हलवला.

"बटण बंद होतं. मी तुले बंद ठेवूनच समदं काढलं." मग जे अर्पिताला सांगितलं नव्हतं, तेही त्यानं सांगून टाकलं. "ऐकून पाहाची हिंमत नाही झाली मले."

जयमालानं हातातली कुरडई खाली अंथरलेल्या जुन्या धोतरावर ठेवली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. तिचे खांदे हलायला लागले. गळ्याच्या भोकातून भस्सकन वारा सुटला, थांबला, पुन्हा सुटला.

ती हसते आहे की रडते आहे, गजेंद्रला कळेना. पूर्वी त्यानं खालच्या खोलीतूनही नुसत्या आवाजावर ओळखलं असतं. आता दोन्हींचा आवाज एकच होता. पदर बाजूला केला असता तर दिसलं असतं. त्यानं हात पुढे केला, आणि परत मागे घेतला.